हवापाणी आणि मूर्तीचे पाणी

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप संपादकांकडून आला तेव्हा आम्ही प्रथम नकारच कळविला होता. आम्ही केंद्र सरकारचे एक नोकर. बी. ए. पर्यंत इतिहास शिकलो खरे, परंतु पुढचे सारे आयुष्य टिपणे आणि तक्ते लिहिण्यात गेले. तथापि आमच्या घरी एका काचेच्या कपाटात सहा मातीच्या बाहुल्या आहेत. त्यांतील एकीच्या बाबतीत आमच्या हातून मोठा प्रमाद घडला, आणि त्याचे कारण शोधता शोधता आम्हांला बागबाजार, कुमारटुली, कृष्णनगर, पुणे आणि कोकण अशी बरीच मुशाफिरी करावी लागली; काही पायी, काही पुस्तकांतून. परप्रांती राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांत अशी एखादी वस्तू असतेच. कोणाकडे शाडूचे गौरीचे मुखवटे असतात, कोणाकडे सावंतवाडीची लाखेची फळे, कोणाकडे आजीच्या रुखवतातली चित्रे. आमची चूक वाचून त्यांपैकी एखादी वस्तू जरी वाचली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. बागबाजार हा उत्तर कोलकात्याचा जुना भाग. हुगळी नदी येथून हाकेच्या अंतरावर वाहते; बंगाली माणूस मात्र तिला गंगाच म्हणतो. या भागाशी आपला संबंध पुष्कळ जुना आणि थोडा ओशाळे करणारा आहे. इ. स. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालच्या सुभ्यात उतरले. बंगाली आया ज्यांचे भय घालून मुलांना निजवीत ते ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर. त्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी नगराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले. मराठे काही कलकत्त्यावर चालून आले नाहीत, तेव्हा काम तेथेच थांबले. या खंदकाचे उत्तरेकडील टोक बागबाजारापाशी होते. १७९९ साली त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढण्यात आला. खंदक गेला, पण ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली बागबाजारात राहिली. २०१९ साली आमची कोलकात्यास बदली झाली आणि याच गल्लीच्या आसपास आम्ही बिऱ्हाड केले. तेव्हा कचेरीतील एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, “पावणेतीनशे वर्षे उशीर झाला, पण बर्गी अखेर आलेच!”

बर्गींच्या सामानात मातोश्री होत्या, आणि मातोश्रींच्या सामानात ते कपाट होते. त्यातील बाहुल्या त्यांच्या आजोबांनी पुण्यात घेतलेल्या. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात येणाऱ्या साहेब लोकांना येथील जातीजमाती, धंदे आणि पोशाख यांचे मोठे कुतूहल असे. ते भागविण्यासाठी मातीच्या लहान लहान रंगीत मूर्ती बनत. पुणे, लखनौ आणि बंगालमधील कृष्णनगर ही अशा मूर्तींची तीन नामांकित ठिकाणे होत. साहेबांबरोबर आपलेही हौशी लोक त्या घेऊ लागले. आमच्याकडच्या सहा मूर्तींत पाणक्या, सोनार, कुणबीण, गोंधळी, भटजी आणि वासुदेव आहेत. मातोश्रींच्या लग्नात त्या रुखवतात मांडल्या गेल्या आणि सोलापूरला आल्या. वासुदेवाची मोरपिसांची टोपी, पायघोळ झगा आणि हातातील टाळ आमच्या लहानपणी जसे होते, तसेच आम्ही पन्नाशीला पोहोचलो तरी होते. शंभराहून अधिक वर्षे ज्या रंगाचा टवकाही उडाला नाही, तो बागबाजारात एका पावसाळ्यात बिघडला.

झाले ते असे. पहिल्याच आषाढात वासुदेवाच्या झग्यावर पिठासारखी पांढरी भुकटी दिसू लागली. मातोश्रींनी चष्मा लावून पाहिले आणि “लोणा लागला” असे निदान केले. आम्ही फुंकर घातली, तर भुकटीबरोबर नखाएवढा रंगही उडाला. एरवी कोणतेही काम तीन सह्यांशिवाय न करणारे आम्ही, त्या दिवशी मात्र कोणास न विचारता रंगाच्या दुकानातून पारदर्शक रोगणाचा डबा आणला. बाहेर संततधार लागली होती. रविवारी दुपारी खिडक्या लावून घेऊन आम्ही वासुदेवाला डोक्यापासून पायापर्यंत दोन हात दिले. बाकीच्या पाच बाहुल्यांची पाळी पुढच्या रविवारी यायची होती. सोमवारी सकाळी पाहतो तो वासुदेव धुक्यात उभा असल्यासारखा पांढुरका झालेला. दिवाळीपर्यंत रोगणाचे फुगे आले आणि एके दिवशी चेहऱ्यावरचा पापुद्रा रंगासकट गळून पडला. खाली उरली ती नाकाच्या जागी उंचवटा असलेली कोरी माती. मातोश्री काही बोलल्या नाहीत. मात्र पुढचे चार दिवस त्या कपाटाकडे पाठ करून बसत असत.

बागबाजारातून दक्षिणेला चालत निघाले की दहा-पंधरा मिनिटांत कुमारटुली लागते. कुमारटुली म्हणजे आपल्याकडील कुंभारवाडा. अठराव्या शतकात कंपनीच्या आश्रयाने नगर वाढू लागले तशा धंदेवार वस्त्या वसत गेल्या. पुढे कृष्णनगरकडील मूर्तिकार घराणी येथे येऊन स्थिरावली. जवळच्या शोभाबाजारात राजा नवकृष्ण देव यांनी १७५७ साली, प्लासीच्या लढाईनंतर, आपल्या वाड्यात थाटाची दुर्गापूजा केली आणि अशा पूजांचे लोण श्रीमंतांच्या घरोघर गेले. विसाव्या शतकात पूजा सार्वजनिक झाली. बागबाजारची सार्वजनिक पूजाही शंभरी ओलांडलेली आहे. सारे दैवत-कुटुंब एकाच प्रभावळीखाली बसविण्याची आणि शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या गराचा व चमचमत्या पत्र्याचा साज चढविण्याची जुनी रीत तेथे आजही पाळली जाते. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. परंतु या वारशाचा अर्धा भार ज्यांच्या हातांवर आहे ते मूर्तिकार अजूनही अरुंद गल्लीतील अंधाऱ्या शेडमध्ये बसून, आभाळाकडे पाहत काम करतात.

त्या गल्लीतील एका वृद्ध मूर्तिकारांकडे शेजाऱ्यांनी आम्हांला नेले. दुर्गा आणि काली होऊन गेल्या होत्या, जगद्धात्रीच्या मूर्ती रंगत होत्या. त्यांनी वासुदेव हातात घेतला, उलटा केला, बैठकीची रोगण न लागलेली माती क्षणभर आपल्या गालाला लावली आणि विचारले, “दादा, हिच्या अंगात पाणी होते. ते निघून जाण्याआधीच तुम्ही दार लावलेत. मग ते दार मोडून बाहेर आले, यात त्याचा काय दोष?” पुढे पुष्कळ वेळा त्यांच्याकडे जाणे झाले. जे समजले ते त्यांच्या बोलण्यातून आणि नंतर केलेल्या वाचनातून येथे मांडतो.

दुर्गेच्या मूर्तीची घडण ही पहिल्या थरापासून ओलीशी केलेली तडजोड असते. आधी बांबू-लाकडाचा सांगाडा, त्याला ‘काठामो’ म्हणतात. त्यावर भाताच्या पेंढ्याचा आकार सुतळीने आवळतात. मग चिकण, म्हणजे ‘एंटेल’ माती भाताच्या तुसात मळून पहिला लेप देतात. चिकणमाती सुकताना आकसते आणि तडकते. तूस आणि पेंढा तो ताण वाटून घेतात. लेप वाळून तडे पडले की ते बुजवून त्यावर बारीक, वाळूसर मातीचा दुसरा लेप येतो, आणि जेथे भेगा पडण्याचे भय असते तेथे मातीच्या पातळ राबडीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवितात. त्यावर खडूचा पांढरा हात, आणि तो धरून ठेवण्यासाठी चिंचोक्याची खळ. खडूवर रंग, आणि रंगावर शेवटी चेहऱ्याला व अंगाला झळाळी देणारे रोगण. या रोगणाचे नाव ‘घामतेल’. घाम हा शब्द त्यांचा आणि आपला एकच. जुने लोक यालाच गर्जनतेलही म्हणतात. गर्जन वृक्षाच्या राळयुक्त तेलावरून ते नाव पडले. आश्विनातील कोलकात्याच्या हवेत माणसाच्या कपाळावर जी तुळतुळीत चमक असते, तीच देवीच्या मुखावर आणणारे हे तेल आहे. ज्या गावात घाम वाळत नाही, त्या गावाने आपल्या देवीच्या सौंदर्याला घामाचेच नाव दिले, याचे आम्हांला फार कौतुक वाटले.

आपल्याकडे मोत्याच्या तेजाला ‘पाणी’ म्हणतात आणि एखाद्या गावच्या हवामानाला ‘हवापाणी’. मूर्तीच्या बाबतीत या दोन पाण्यांचे वैर असते. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान पाहिले पाहिजे. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅमच मावते. हवेत प्रत्यक्ष किती वाफ आहे आणि किती मावू शकते, याचे शेकड्याने प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. ३० अंशांच्या हवेत २४ ग्रॅम वाफ असेल तर आर्द्रता ८० टक्के झाली. आता तीच हवा कोठे चार अंशांनी जरी थंड झाली, तर तिच्यातील वाफ मावेनाशी होऊन दव पडू लागते. रोगणातील पातळ द्रव्य उडून जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जाते. स्पिरिट हातावर पडले की गार लागते, तोच हा प्रकार. पावसाळी दुपारी रोगण लावले म्हणजे तो पृष्ठभाग थंड होतो, हवेतील ओल बारीक थेंबांच्या रूपाने ओल्या रोगणात अडकते आणि थर पांढुरका दिसू लागतो. वासुदेवाभोवती जमलेले धुके ते हेच. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेच्या रोगणाला हा विकार विशेष जडतो. म्हणून जुने सुतार पावसात लाखेचा हात देत नाहीत.

लोण्याची कथा याहून निराळी. मातीत थोडेबहुत क्षार असतातच. साध्या मिठाचेच घ्या. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून विरघळते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मीठ पाझरते ते यामुळेच. आर्द्रता ७५ च्या खाली आली की त्याचे पुन्हा स्फटिक बनतात. हे स्फटिक मातीच्या पृष्ठभागाशी, रंगाच्या थराखाली वाढतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. सोलापूरची हवा, पावसाळ्याचे थोडे दिवस सोडले, तर कोरडीच. तेथे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस. वासुदेवाच्या अंगातील क्षार तेथे वर्षातील बहुतेक काळ निजून राहिले. कोलकात्यात दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, शेजारी नदी, आणि पावसाळ्याच्या मागेपुढे पहाटेची आर्द्रता ७५ च्या वर तर दुपारची खाली, असे कित्येक दिवस. म्हणजे त्या बिचाऱ्याला दिवसातून एकदा विरघळावे आणि एकदा गोठावे लागत होते. आमच्या दोन हातांनी मग ती ओल आत कोंडली. एरवी भुकटीच्या रूपाने बाहेर येऊन झडून गेले असते ते क्षार रोगणाच्या पापुद्र्याखाली साठले आणि चेहराच घेऊन बाहेर पडले. ज्या पाच बाहुल्यांना आम्ही हात लावला नाही, त्यांचे झग्या-लुगड्यांवरील थोड्या रंगापलीकडे काही गेले नाही.

तिसरा शत्रू बुरशी. आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की ती उगवते, आणि खळ, सरस, डिंक हे तिचे आवडते खाद्य. कुमारटुलीतील चिंचोक्याची खळही त्याला अपवाद नाही. मग कुमारटुलीचे मूर्तिकार ती का वापरतात? या प्रश्नावर ते वृद्ध गृहस्थ नुसते हसले. त्यांची मूर्ती पाच दिवस पूजा घेते आणि नदीत जाते. भाद्रपदात पाऊस थांबला नाही तर त्यांची झोप उडते; मूर्तीवर प्लॅस्टिकचे कापड घालून, पंखे लावून, प्रसंगी ब्लो-लँपची ज्योत फिरवून ते मूर्ती वाळवितात. पण विजयादशमीनंतरच्या बुरशीची त्यांना काय फिकीर? उलट कच्ची माती पाण्यात सहज विरघळावी, हाच तिचा गुण. त्यांचे घामतेल पाच दिवसांच्या हिशेबाने लावलेले असते.

येथे आमच्या ध्यानात आले की मूर्तीची झिलई हा केवळ शोभेचा भाग नाही. ती मूर्ती कोणत्या हवेत राहायची आणि किती दिवस राहायची, याचा कारागिराने बांधलेला तो अंदाज असतो. पुण्याच्या कारागिराचा अंदाज दख्खनच्या हवेसाठी होता आणि तो शंभर वर्षे बरोबर ठरला. त्याला बागबाजारची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

हेच कृष्णनगरच्या बाबतीत मोठ्या प्रमाणावर घडले. कोलकात्याच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवर नदिया जिल्ह्यात कृष्णनगर आहे. अठराव्या शतकात महाराज कृष्णचंद्र यांच्या आश्रयाने तेथील घूर्णी या वस्तीतील मूर्तिकला बहरली. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात घूर्णीच्या मूर्ती गेल्या आणि पुढे युरोपातील प्रदर्शनांत त्यांना सतत मागणी राहिली. १८८३-८४ मध्ये कलकत्त्यास जे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्यासाठी यदुनाथ पाल यांनी निरनिराळ्या जमातींच्या पूर्णाकृती मूर्ती घडविल्या. याच परंपरेतील गोपेश्वर पाल १९२४ साली लंडनजवळ वेंब्लीच्या प्रदर्शनात गेले आणि पाहता पाहता मातीतून माणूस उभा करण्याच्या हातोटीने त्यांनी प्रेक्षकांना थक्क केले. घूर्णीच्या कारागिरांना हुबेहूबपणाची एवढी हौस की मूर्तींना खरे कापड नेसवावे, खरे केस लावावे.

या मूर्ती बोटीत बसल्या त्या नदियाच्या दमट हवेतून, आणि उतरल्या त्या हिवाळ्यात शेगडीने तापविलेल्या दिवाणखान्यांत. बाहेर शून्य अंशाला अगदी धुके असले, तरी त्या हवेत घनमीटरमागे पाचच ग्रॅम वाफ असते. तीच हवा खोलीत २० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली येते. अशा हवेत माती नव्हे, तर तिच्या सोबतीचे सारे आकसते. सरस ठिसूळ होतो, आतील लाकडी काडी बारीक होते, कापड ताणले जाते, आणि यांपैकी प्रत्येकाचे आकसणे निराळे असल्याने रंगाला तडे जातात. आपल्या वस्तूला ओलीने मारले, त्यांच्या वस्तूंना कोरडेपणाने. परदेशी राहणाऱ्या आमच्या बांधवांनी गौरीचे मुखवटे हीटरच्या वरच्या फळीवर ठेवू नयेत, ते याचसाठी.

आपल्या कोकणाने या प्रश्नाची उत्तरे आपल्या परीने शोधली होती. सावंतवाडीच्या खेळण्यांचे लाकूड चरकावर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. तेथे उडून जाणारे पातळ द्रव्य नाही, त्यामुळे धुके धरण्याचा प्रश्नही नाही. कोकणासारख्या मुलखात ही युक्ती उत्तम. पण तीच खेळणी नागपूरच्या वैशाखात नेली तर लाकूड आडव्या अंगाने आकसते, लाख त्याच्याबरोबर आकसत नाही, आणि सांध्यापाशी टवके उडतात. पेणची गोष्ट निराळी. तेथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि गणपती तर भर पावसाळ्यात, भाद्रपदात. शाडूची जाड मूर्ती वाळवायची ती उन्हाळा साधूनच. प्लॅस्टर ऑफ पॅरिसने तेथे एवढा जम का बसविला, याचे एक कारण या पावसात आहे. शाडू घट्ट होते ती पाणी गमावून; प्लॅस्टर घट्ट होते ते पाणी पोटात घेऊन, आणि तेही थोड्या मिनिटांत. त्याला उन्हाची वाट पाहावी लागत नाही. सोय झाली, पण जी मूर्ती हवेतील पाण्याला दाद देत नाही ती नदीतील पाण्यालाही लवकर देत नाही. म्हणूनच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्तिविसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० साली त्या सुधारून मातीच्या मूर्तींचा व बिनविषारी रंगांचा पुरस्कार केला. बंगाली मंडळी परदेशातील पूजांसाठी कुमारटुलीहून फायबरग्लासच्या मूर्ती नेतात. त्या हलक्या असतात, विमानात फुटत नाहीत, आणि कोणत्याही हवेत वर्षानुवर्षे तशाच राहतात. दरवर्षी त्याच देवीची पेटी उघडायची आणि तिची पाठवणी केल्यावर पुन्हा बंद करायची. यात गैर काही नाही. परगावी असलेल्यांना असे काही करावेच लागते. पण आमच्या मूर्तिकार मित्रांचे म्हणणे असे की, तिला घामतेल लावले तरी ते घामासारखे दिसत नाही.

आता ज्यांच्या घरी जुन्या रंगीत मातीच्या वा लाकडाच्या मूर्ती आहेत, त्यांना आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पावसाळ्यात त्या भिंतीतून ओल येते. मूर्ती ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ काढावी. सादळलेल्या पापडाला ऊन दाखवतात तसे मूर्तीला दाखवू नये. ओल एकदम सुटली की तडे जातात. हवा हळूहळू बदलू द्यावी. गाव बदलल्यावर मूर्ती तिच्या वेष्टनातच आठवडाभर ठेवून मग बाहेर काढाव्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, भुकटी दिसली की घाबरून वरून रोगण लावू नये. संग्रहालयाच्या जाणकारास विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत स्वस्थ बसावे. स्वस्थ बसणे हे सरकारी नोकराला जमते असा लोकांचा समज आहे. आम्हांला नेमके तेव्हा ते जमले नाही.

आता वासुदेवाचे पुढे काय झाले ते सांगून आवरते घेतो. चेहरा रंगवून द्या, असे आम्ही मूर्तिकारांना म्हटले तेव्हा त्यांनी चक्क नकार दिला. “मी रंगवीन, पण डोळे आमचे येतील,” ते म्हणाले. “हात दुसरे डोळे जाणत नाही.” कोरी माती तशीच ठेवावी, हेच शहाणपणाचे, असे त्यांचे मत होते, आणि आज आम्हांलाही ते पटते. पण मातोश्रींचे वय तेव्हा सत्त्याऐंशी. चेहरा नसलेला वासुदेव त्यांना पाहवत नव्हता. आपल्या आजोबांच्या घरचा वासुदेव तोंडावाचून आपण मागे ठेवून जाणार, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. त्या स्वतः, काठी टेकीत, कुमारटुलीत गेल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यांनी मूर्तिकारांपुढे हात जोडले. त्या गृहस्थांनीही हात जोडले आणि मूर्ती ठेवून घेतली.

फाल्गुनातील कोरड्या दिवसांत त्यांनी उरलेले रोगण तसूतसूने सोडविले, मूर्ती महिनाभर सावलीत ठेवली, आणि मग पातळ खळीत कालवलेल्या साध्या रंगांनी चेहरा काढला. वर तेल नाही, रोगण नाही. डोळे अर्थातच त्यांचे आले. लांबट, कानांकडे ओढलेले, दुर्गेच्या डोळ्यांच्या घराण्यातले. मातोश्रींनी मूर्ती बराच वेळ निरखली आणि म्हणाल्या, “हा आता इथला झाला. पहाटे दान मागायला निघेल तो बंगालीतच गाईल.” मग त्यांनी स्वतःच्या हाताने तो कपाटात गोंधळी आणि कुणबीण यांच्या मधोमध उभा केला. पुढे २०२२ साली त्या निवर्तल्या.

अजून तो तेथेच आहे. पाच बाहुल्यांचे डोळे पुण्याचे, एकाचे कुमारटुलीचे. मंडळाच्या सभासदांपैकी कोणास पाहावयाचा असल्यास दिवाळीच्या फराळाला अगत्य यावे. श्रावणात मात्र आम्ही कपाट उघडत नाही.